हात न टेकता

मस्कतच्या विमानतळावरून सुलतान काबूस महामार्गानं पश्चिमेला निघालं की थोड्याच मिनिटांत अल मवालेह लागतं. महामार्गाच्या एका अंगाला उत्तर मवालेह, दुसऱ्या अंगाला दक्षिण. मधे मोठा मॉल, गल्ल्यांमधून पांढऱ्या-पिवळसर भिंतींचे व्हिला आणि फ्लॅट. इथल्या मराठी घरांत आई-वडील येतात ते शक्यतो थंडीत. पण लेकीचं किंवा सुनेचं बाळंतपण मोसम बघून येत नाही, आणि मग पुण्याची, नाशिकची, सांगलीची पासष्टी-सत्तरीची आई भर जूनमध्ये मवालेहला उतरते. पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो. गावी ती रोज मंडईत जायची, देवळात जायची, दोन जिने चढायची. व्यायाम म्हणून तिनं कधी काही केलं नाही, कारण दिवसच व्यायामाचा होता. इथे दारापासून लिफ्ट, लिफ्टपासून गाडी, गाडीपासून मॉल. बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू असतात, शेजारून आलेला ओमानी हलवा आणि खजूर असतात. तीन महिन्यांनी ती परत निघते तेव्हा काटा चार किलो जास्त दाखवतो आणि खुर्चीतून उठताना तिचे दोन्ही हात हँडलवर टेकलेले असतात.

घरात ठराव होतो: आईचं वजन कमी करायचं. एक जण म्हणतो भात बंद, दुसरा म्हणतो दोनच वेळा जेव, तिसरा मनगटाला घड्याळ बांधून देतो आणि दहा हजार पावलांचा हुकूम सोडतो. सगळे प्रेमानंच बोलत असतात. हे पुस्तक नेमकं त्या क्षणी हातात पडावं म्हणून केलेलं आहे. चार किलो वाढले हे घरातल्या सगळ्यांना दिसलं. हात टेकावे लागले याची नोंद मात्र कुणीच केली नाही, आणि या विषयातली अर्धी चूक तिथेच होते.

तिशीतल्या माणसाचं वजन उतरवणं आणि सत्तरीतल्या माणसाचं वजन उतरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. नुसतं खाणं कमी केलं की शरीर फक्त चरबी देत नाही. स्नायूही देतं, हाडांतलं खनिजही देतं. तरुण माणूस ते भरून काढतो. म्हाताऱ्या शरीराला ते सहज भरून निघत नाही, कारण स्नायू तसेही मध्यम वयापासून झडत असतात. या झडण्याला १९८९ साली अमेरिकी शास्त्रज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिलं, मांसाची उणीव अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून. लठ्ठ माणसात ही उणीव असेल असं कुणाला वाटत नाही. वरून शरीर भरलेलं दिसतं, आत स्नायू विरळ झालेले असतात आणि उरलेल्या स्नायूंना वाढलेलं वजन पेलावं लागतं. डॉक्टरांनी याला जोडनाव दिलं आहे: सार्कोपेनिक ओबेसिटी. साध्या मराठीत सांगायचं तर ओझं वाढलं आणि हमाल अशक्त झाला.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये, कारण त्यातलं एक महत्त्वाचं पान पुण्यात लिहिलं गेलं. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखं: २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. याच गटाच्या अभ्यासात पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. कमी पडलं ते मुख्यतः मांस, चरबी फारशी कमी नव्हती. ‘बारीक पण चरबीवाला’ हिंदुस्थानी माणूस हे जगभर गाजलेलं वर्णन इथून आलं. म्हातारपणाच्या संदर्भात याचा अर्थ गंभीर आहे. आपल्यातल्या अनेकांनी स्नायूंचं भांडवल जन्मापासूनच थोडं घेऊन सुरुवात केली आहे. सत्तरीत उपासमार करून त्यातलंही खर्च केलं तर मागे काय उरणार?

म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाच्या रेषा आधी आखल्या जातात. युरोपीय माणसाला इंडेक्स ३०च्या पुढे गेला की लठ्ठ म्हणतात, भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली ती रेषा २५वर आणली. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असं सांगितलं. सत्तरीत या आकड्यांवरही आंधळेपणानं विसंबता येत नाही. मणके दबून उंची कमी झालेली असते, त्यामुळे इंडेक्स आपोआप वाढलेला दिसतो. थोडं जास्त वजन असलेले वृद्ध अगदी सडपातळ वृद्धांपेक्षा जास्त जगतात, असंही कित्येक पाहण्यांत दिसलं आहे. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. आजारपणानं आपोआप उतरलेलं वजन आणि ठरवून उतरवलेलं वजन अशा पाहण्यांत सहज मिसळतं, हे त्यामागचं एक कारण. कसलाही प्रयत्न न करता म्हाताऱ्या माणसाचं वजन घटू लागलं तर पेढे वाटू नयेत, डॉक्टरांकडे जावं.

व्यायामाचं आधुनिक शास्त्र खरं तर कामकऱ्यांकडे बघून सुरू झालं. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर जिने चढत-उतरत असलेला. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी दाखवलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. मवालेहला आलेली आपली आई कंडक्टरची ड्रायव्हर झालेली असते. पुढे १९६८ साली केनेथ कूपर यांच्या ‘एरोबिक्स’ या पुस्तकानं धावण्या-चालण्याची लाट आणली आणि कित्येक वर्षं व्यायाम म्हणजे दम लागेल अशी हालचाल, एवढाच अर्थ राहिला. वजनं उचलणं हे पैलवानांचं काम. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना टॉमस डेलॉर्म यांनी क्रमानं वाढत्या वजनांनी उभं केलं होतं, पण तो धडा म्हाताऱ्यांपर्यंत पोचला नाही. त्यांना विश्रांतीच सांगितली जायची.

ती समजूत मोडली बॉस्टनमध्ये. डॉ. मारिया फियातारोने यांनी १९९० साली एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी चांगलं जड वजन उचलून घेतलं. सरासरी वय नव्वद! पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान होता. मग १९९४ साली शंभर अशक्त वृद्धांवर मोठा प्रयोग झाला आणि ताकद दुपटीहून अधिक झाली, चालण्याचा वेगही वाढला. नव्वदीतला स्नायूसुद्धा सांगितलेलं ऐकतो, हे त्या दोन प्रयोगांनी सिद्ध केलं. साठी उलटली की ‘आता काय व्हायचंय’ म्हणून हात टेकणाऱ्या प्रत्येक घरात हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

तरी मूळ प्रश्न शिल्लक होता. लठ्ठ म्हाताऱ्यानं वजन उतरवावं की नुसती ताकद वाढवावी? याचं सर्वांत नेटकं उत्तर डॉ. डेनिस व्हियारेआल यांच्या दोन चाचण्यांत मिळतं, आणि या पुस्तकाचा कणा त्याच आहेत. पहिली २०११ सालची. पासष्टीच्या पुढचे, लठ्ठ आणि थोडे अशक्त झालेले १०७ जण. त्यांचे चार गट: एकाला फक्त आहार, एकाला फक्त व्यायाम, एकाला दोन्ही आणि एकाला काहीच नाही. आहार म्हणजे उपास नव्हे, रोजच्या गरजेपेक्षा ५०० ते ७५० कॅलरी कमी आणि शरीराच्या दर किलोमागे सुमारे एक ग्रॅम प्रथिनं. व्यायाम आठवड्यातून तीनदा, दीड-दीड तास. तपासायची गोष्ट मात्र काट्यावरची नव्हती. कोट घालता येतो का, जमिनीवरचं नाणं उचलता येतं का, खुर्चीतून पाच वेळा उठायला किती वेळ लागतो, जिना चढता येतो का, अशा कामांवर गुण दिले जात.

एक वर्षानं आहाराच्या गटाचं वजन दहा टक्के उतरलं आणि गुण १२ टक्के सुधारले. नुसत्या व्यायामाच्या गटाचं वजन उतरलंच नाही, तरी गुण १५ टक्के सुधारले. दोन्ही करणाऱ्यांचं वजन नऊ टक्के उतरलं आणि गुण २१ टक्के सुधारले. पुढचे आकडे अधिक बोलके आहेत. नुसत्या आहारानं मांस पाच टक्के गेलं, दोन्ही केल्यावर तीन. खुब्याच्या हाडाची घनता आहारानं तीन टक्के घटली, दोन्ही केल्यावर एक. म्हणजे जेवढे किलो आहारानं उतरतात, जवळजवळ तेवढेच जोडीनं उतरतात. फरक पडतो तो कशातून उतरतात यात. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला ज्यांनी घरी सांभाळलं आहे, त्यांना या दोन टक्क्यांची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसरी चाचणी २०१७ सालची, १६० जणांची, सहा महिन्यांची. तुलनेसाठीचा एक गट सोडला तर बाकी तिन्ही गटांना कमी कॅलरींचा आहार. प्रश्न एवढाच की त्याच्या जोडीला कोणता व्यायाम. नुसतं चालणं-सायकल करणाऱ्या गटाचं मांस पाच टक्के आणि खुब्याची घनता तीन टक्के घटली. वजनं उचलणाऱ्या गटाचं अनुक्रमे दोन आणि एक. दोन्ही एकत्र करणाऱ्यांचं तीन आणि एक, पण कामांचे गुण सर्वांत जास्त वाढले ते याच गटाचे, २१ टक्के. बाकी दोघांचे चौदा-चौदा. आपल्याकडे वजन कमी करायचं म्हटलं की पहिला शब्द ‘चाला’. चालणं उत्तमच, पण एकटं पुरत नाही. हे पुस्तक पानापानांतून जे सांगतं ते हेच.

या सगळ्यात महाराष्ट्राची स्वतःची परंपरा कुठे बसते? ती फार श्रीमंत आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं. पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ आणि लोणावळ्याचं कैवल्यधाम, दोन्ही १९२४ची. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळाशाळांत नेला. १९३८ साली सूर्यनमस्कारांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनला निघालं तेव्हा ते सत्तरीला आले होते. तरी तालमीचा दरवाजा प्रामुख्यानं तरुण पुरुषांसाठीच उघडा राहिला. म्हाताऱ्यांच्या वाट्याला जेवणानंतरची शतपावली आली आणि बायकांच्या वाट्याला घरकाम. या मर्यादेला खरी वाट काढली पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी. खुर्ची, पट्टा, लाकडी वीट, भिंतीचा दोर अशी साधनं योगात आणून त्यांनी कडक सांध्यांच्या, जड अंगाच्या माणसालाही आसनाचा लाभ मिळवून दिला. तोल आणि लवचिकपणा यांसाठी त्या साधनांचा आधार हे पुस्तक मोकळेपणानं घेतं. जोर-बैठकांमधली बैठक हा मांड्यांचा अस्सल व्यायाम आहे. खुर्चीच्या उंचीवर आणली की ती सत्तरीतही करता येते.

गेल्या दहा वर्षांत घराघरांत पोचलं ते मात्र आहाराचं घराणं. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सांगितलेली पद्धत, दिवसातून दोनदाच जेवण तेही पंचावन्न मिनिटांत, आणि जोडीला पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं, महाराष्ट्रातून आखातापर्यंत गेली. लाखो लोक पहिल्यांदा स्वतःच्या पोटाकडे गांभीर्यानं बघू लागले, हे तिचं मोठं काम. तीच पद्धत जशीच्या तशी सत्तरीतल्या जड, गुडघेदुखीच्या बाईला द्यावी का, यावर या पुस्तकाचं मत स्पष्ट आहे: नाही. तो वेग ताशी सहा किलोमीटरचा होतो. पुरेशी प्रथिनं दोन जेवणांत बसवणं म्हाताऱ्या भुकेला कठीण जातं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर जेवणांतलं लांब अंतर धोक्याचं ठरू शकतं, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये. उपासाच्या साबुदाण्याबद्दलही तेच. त्यात पिष्ट आहे, प्रथिनं जवळजवळ नाहीत. ताक, दही, डाळी, उसळी, अंडी, मासळी ही आपल्या स्वयंपाकघरातली नावं या पुस्तकात वारंवार येतात ती त्यामुळे.

गुडघ्यांची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ‘गुडघे दुखतात म्हणून चालत नाही, चालत नाही म्हणून वजन वाढतं’ हे चक्र प्रत्येक घरात फिरत असतं. गुडघ्याची झीज झालेल्या जड वृद्धांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात २००५ साली दिसलं की वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. पाच किलो उतरले तर पावलागणिक वीस किलो. शिवाय मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की सांध्याला आधार मिळतो. म्हणजे सुरुवात चालण्यानं करायलाच हवी असं नाही. बसूनही करता येते.

हे पुस्तक आत्ताच का, याला मुख्य कारण औषधं. सेमाग्लुटाईड, तिर्झेपटाईड ही इंजेक्शनं २०२५ साली वजनासाठी म्हणून भारतात दाखल झाली. ती खरोखर वजन उतरवतात, मधुमेही आणि हृदयरोगी माणसाला त्यांचा मोठा आधार होऊ शकतो. पण सेमाग्लुटाईडच्या एका मोठ्या चाचणीत ज्यांचं शरीर यंत्रावर मोजलं गेलं, त्यांच्या उतरलेल्या वजनातला सुमारे दोन-पंचमांश वाटा चरबीचा नव्हता. भूक मेलेली, प्रथिनं कमी आणि व्यायाम नाही, अशा अवस्थेत सत्तरीतल्या माणसानं झपाट्यानं वजन गमावणं म्हणजे जुनाच धोका नव्या वेगानं. इंजेक्शन घेणाऱ्यानं वजनं उचलणं अधिकच गरजेचं आहे.

आणखी एक भान ठेवलेलं बरं. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ साली देशभरातल्या ७२ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. तीत साठीपुढच्यांमध्ये जास्त वजनाच्या लोकांपेक्षा कमी वजनाचे लोक अधिक निघाले. लठ्ठपणा हा सगळ्या म्हाताऱ्यांचा प्रश्न नाही. पण शहरांत आणि आखातातल्या मध्यमवर्गीय घरांत तो आहे, आणि ताकदीचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

ओमानच्या समाजालाही हा प्रश्न नवा नाही. तिथल्या प्रौढांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. निझवा शहरात १९९९ पासून निरोगी राहणीचा लोकप्रकल्प चालला, आणि सोड्याच्या व गोड पेयांवर २०१९-२० पासून ५० टक्के कर बसला. मवालेहच्या मशिदीत म्हातारी माणसं नमाजासाठी जमिनीवरून पुन्हा पुन्हा उठतात, आणि गुडघे थकले की मागच्या ओळीत खुर्ची येते. आपल्याकडे पाटाची खुर्ची झाली, तशीच ही गोष्ट. ब्राझीलचे डॉ. क्लाउदियो जिल अरौझो यांनी नेमकं हेच मोजलं. ५१ ते ८० वर्षांच्या २००२ लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं, दहा गुण, आणि प्रत्येक वेळी हात किंवा गुडघा टेकला की एक गुण वजा. २०१२ साली निकाल आले: आठ ते दहा गुणवाल्यांच्या तुलनेत तीन किंवा कमी गुणवाल्यांचं पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण पाचपटीहून अधिक. बसणं-उठणंच माणसाला वाचवतं असं यातून सिद्ध होत नाही. पण त्या एका हालचालीत ताकद, तोल, लवचिकपणा आणि वजन या चारही गोष्टी एकदम दिसतात.

या पुस्तकातले व्यायाम लहानशा खोलीतही बसतील असे निवडले आहेत. एक खुर्ची, एक भिंत, पाण्याच्या दोन बाटल्या, एक रबरी पट्टा. चालण्यासाठी मवालेहच्या उन्हाळ्यात मॉल आहेच, आणि त्याच्या गारव्यात दहा हजारांचा हट्ट धरायचं कारण नाही. हा आकडा १९६५च्या सुमाराला एका जपानी पेडोमीटरच्या जाहिरातीतून आला. सरासरी बहात्तर वर्षांच्या जवळजवळ सतरा हजार अमेरिकी बायकांच्या २०१९ सालच्या अभ्यासात रोज साधारण ४४०० पावलांपासूनच फायदा दिसू लागला आणि ७५००च्या आसपास तो स्थिरावला. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम हालचाल सांगते, दोन दिवस स्नायूंचे व्यायाम आणि तीन दिवस तोलाचे. या पुस्तकातले लेख याच तीन धाग्यांवर विणलेले आहेत. छातीत दुखणं, अलीकडची शस्त्रक्रिया, ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टर, मग पुस्तक, हे प्रत्येक भागाच्या सुरुवातीला लिहिलेलं आहे. पंधरा दिवसांत पाच किलोची हमी इथे शोधू नये.

शेवटचं पान कोरं आहे. त्यावर तीन रकाने आखलेत. पहिल्यात तारीख. दुसऱ्यात खुर्चीची गणती: बिनहँडलची खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर घडी, शेजारी घरातलं कुणीतरी उभं, आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता आलं ते मोजायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या बाईला दहापेक्षा आणि पुरुषाला बारापेक्षा कमी जमलं तर ताकद सरासरीच्या खाली आहे. एकदाही हात न टेकता उठता आलं नाही तर शून्य लिहायचं, आणि शून्यापासून सुरुवात करायची. वजनाचा रकाना तिसरा आहे.